अमेरिकेत नवा फोन: लॉक्ड घ्यावा की अनलॉक्ड?

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आलं की पहिल्या काही दिवसांतच हा प्रश्न पुढ्यात येतो. लॉक्ड फोन विकणाऱ्या मोबाईल कंपनीच्याच सिमवर चालतो, अनलॉक्डला ते बंधन नसतं. कंपनीच्या दुकानात लॉक्ड फोन ‘फुकट’ दिसतो, आणि तोच अनलॉक्ड घ्यायचा तर सात-आठशे डॉलर एकरकमी मोजावे लागतात. फोन आतून एकच असतो, म्हणून कॅमेरा-बॅटरीची चर्चा इथे करत नाही.

आधी ‘फुकट’ म्हणजे काय ते बघू. समजा फोन ७२० डॉलरचा आहे. महिना २० डॉलरचे ३६ हप्ते लागतात आणि तेवढंच क्रेडिट दर बिलात वळतं होतं. ते मिळत राहायला बहुतेक योजनांत महागडा अनलिमिटेड प्लॅन चालू ठेवावा लागतो. मिंट, व्हिजिबल, यूएस मोबाईल हे स्वस्त पर्याय एटी अँड टी, टी-मोबाईल, व्हेरायझन अशा मोठ्या कंपन्यांच्याच टॉवरवर चालतात. प्लॅनमधला फरक महिना ३० डॉलर धरला, तरी ३६ महिन्यांत १,०८० डॉलर जातात. शिवाय नव्याने आलेल्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) आणि क्रेडिट हिस्टरी (कर्जफेडीची नोंद) नसते, त्यामुळे हप्त्यांची ऑफर पुष्कळदा कागदावरच राहते.

लॉक्ड फोन पुढे अनलॉक करून मिळतो, पण अटी आहेत. पोस्टपेडला एटी अँड टी ६० दिवस चालू सेवा मागते, टी-मोबाईल ४० दिवस. आणि दोन्हीकडे फोनचे पूर्ण पैसे फिटलेले हवेत. प्रीपेडला मुदत बरीच लांब: एटी अँड टीकडे ६ महिने, टी-मोबाईलकडे ३६५ दिवस. हे नियम बदलत असतात, व्हेरायझनचे तर विशेषच, तेव्हा खरेदीच्या दिवशी वाचून घ्या. खरी मेख पुढेच आहे. अनलॉकसाठी उरलेले हप्ते एकदम फेडले, की काही योजनांत उरलेलं क्रेडिट बंद होतं. म्हणजे ‘फुकट’ फोनचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

तरीही चार जणांचं कुटुंब असेल, अनलिमिटेड प्लॅन तसाही घ्यायचा असेल आणि भारतात फेरी क्वचित होत असेल, तर लॉक्ड फोनचा हिशेब बसू शकतो. मी मात्र अनलॉक्डच्या बाजूचा, आणि त्याचं कारण पैसे नाही, ओटीपी आहे.

आपली बँक, आयकर, आधार, म्युच्युअल फंड, सगळं भारतातल्या नंबराला बांधलेलं. लॉक्ड फोनमध्ये सिमच्या दोन जागा असल्या तरी दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. ईसिमलाही, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरल्या जाणाऱ्या सिमलाही, तोच नियम. मग भारतातल्या सिमसाठी जुना फोन वेगळा सांभाळा, तो चार्ज ठेवा, आणि ऐन व्यवहाराच्या वेळी तो घरी नि तुम्ही ऑफिसात. यूपीआय ॲप नोंदवताना एसएमएस त्याच फोनमधल्या सिमवरून जावा लागतो, म्हणून ॲपही जुन्या फोनवरच. अनलॉक्ड फोनमध्ये अमेरिकन लाइन डेटासाठी ठेवायची, भारतीय लाइनचं डेटा रोमिंग बंद करायचं. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. त्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग मात्र निघण्यापूर्वी सुरू करा आणि रिचार्ज चुकवू नका.

आयफोन घेणार असाल तर आणखी एक: आयफोन १४ पासून अमेरिकन मॉडेलला सिमचा खणच नाही. भारतातलं सिम निघण्यापूर्वीच ईसिम करून घ्या. बदलाची पुष्टी जुन्या सिमवर येते, आणि ते बंद पडलं असेल तर परदेशातून काम अडतं.

मग भारतातूनच फोन का आणू नये? आणता येतो, पण अनलॉक्ड म्हणजे सगळीकडे चालेलच असं नाही. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. आता त्यांच्या मान्य फोनच्या यादीत नसलेलं मॉडेल नेटवर्कवर घेतलं जात नाही. टी-मोबाईल वापरतं तो बँड ७१ हा लहरींचा पट्टा भारतातल्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये नसतो, मग गावाबाहेर सिग्नल जातो. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि कंपनीच्या साइटवर तपासा.

अनलॉक्ड घेतानाही डोळे उघडे हवेत. काही दुकानांत मिळणारे आयफोन पहिलं सिम घालेपर्यंत मोकळे असतात आणि त्या कंपनीला आपोआप लॉक होतात. जुन्या फोनच्या बाजारात सिमखाली पातळ चिप घालून ‘अनलॉक’ केलेले फोन येतात. पुढच्या अपडेटला ते अडकतात. हप्ते थकलेला फोन तर आयएमईआयवरूनच बंद होऊ शकतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसायला हवं. पहिली लाइन सुरू केल्यावर ते पुन्हा बघा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत दुसऱ्या कंपनीची लाइन घालून सिग्नल येतो का ते तपासा.