उन्हाळी फिजिक्स इंटर्नशिप: पहिला आठवडा वसूल, दुसरा अर्धा वाया

पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत मे महिन्यात दहावी आटोपलेल्या मुलांसाठी दोन आठवड्यांची इंटर्नशिप चालते. नाव इंटर्नशिप असलं तरी संशोधनाची स्वप्नं घेऊन जाऊ नये. इथे मोजायला शिकवतात, आणि ते मात्र कसून.

पहिले तीन दिवस एकच लंबक. (गोव्यातल्या मुलांना पेंडुलम म्हटल्यावर लवकर कळतं, ते सोडा.) शाळेच्या जर्नलात सगळ्यांचं ‘जी’, म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८ येतं, कारण उत्तर आधी ठरतं आणि वाचनं मागाहून. गोव्याच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८४ मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे, त्यामुळे पुस्तकातलं ९.८१ उतरवणारा इथे पकडला जातो. पण तेवढा फरक दिसायला मोजणीही तशीच हवी. एक मीटरच्या लंबकाची २० दोलनं ४०.२ सेकंदांत होतात. स्टॉपवॉच ०.२ सेकंद चुकलं की वेळेत अर्धा टक्का आणि ‘जी’मध्ये एक टक्का, म्हणजे ०.१ चा घोळ. ९.७८ आणि ९.८१ मधला भेद त्यात बुडून जातो. म्हणून १०० दोलनं मोजून घेतात. वेळ होते साधारण २०१ सेकंद, आणि तीच चूक ०.०२ वर येते.

चुका शोधायची पद्धत तर फारच छान. उत्तर ९.९८ आलं की मार्गदर्शक वही न बघता सांगतात, मोजणी शून्याऐवजी ‘एक’पासून सुरू झाली, दोलनं ९९ च झाली. उत्तर ९.७५ आलं तर लंबक दहा अंशांपर्यंत ओढून सोडला असणार: मोठ्या झोक्यात आवर्तकाल (एका दोलनाचा वेळ) ०.१९ टक्क्यांनी वाढतो. पाच अंशांच्या आत राहा. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, त्यासाठी व्यास व्हर्नियर कॅलिपरने घ्यायचा. मिलिमीटर चुकला की ‘जी’ ०.०१ ने सरकतं. सुती दोरा दमट हवेत लांबी बदलतो, तेव्हा गोळा टांगलेला असतानाच मोजा, आधी एकदा आणि नंतर एकदा. स्टॉपवॉच टोकाला नव्हे, मधल्या जागी दाबा. तिथे वेग सर्वांत जास्त, म्हणून क्षण नेमका सापडतो. आणि पंखा बंद. मे महिन्यात गोव्यात पंखा बंद करून बसणं ही शिक्षाच, पण वाऱ्याने गोळा लंबवर्तुळात फिरू लागला की वाचनं टाकूनच द्यावी लागतात.

लेझर आणि जुन्या सीडीचा प्रयोगही चोख. सीडीच्या रेषांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, त्यांवरून प्रकाश फाकतो, त्यामुळे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल लेझरचा बाजूचा पहिला ठिपका एक मीटरवरच्या भिंतीवर मधल्या ठिपक्यापासून साधारण ४४ सेंटिमीटरवर पडतो. किरण सीडीवर सरळ पडला नाही तर दोन्ही बाजूंची अंतरं जुळत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यातली क्लाउड चेंबर, म्हणजे सूक्ष्म कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांनी दाखवणारी पेटी, मात्र निराश करते. तळाला ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), उणे ७८ अंश, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजलेली फेल्टची पट्टी. अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच हवं. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकी पाणी असतं, काळ्या पत्र्यावर हिमाचा थर चढतो आणि रेघा दिसेनाशा होतात. इथे नेमकी तीच बाटली आणून ठेवलेली. त्यात काचेची फट धड बुजवलेली नाही, म्हणजे बाहेरची दमट हवा आत. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन (अवकाशातल्या किरणांमुळे हवेत तयार होणारा कण) जातो. पेटी नीट जमली असती तर मुलांना पाहण्यासारखं पुष्कळ होतं. पेटी लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांबायचं असतं, तेही कोणी बजावत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे हे सगळं बंद एसी खोलीत. एक किलो ड्राय आइसमधून सुमारे अर्धा घनमीटर कार्बन डायऑक्साइड निघतो. खिडक्या उघड्याच हव्यात, हातमोजे जाड हवेत आणि अल्कोहोलजवळ ठिणगी नको. पालकांनी नाव घालण्याआधी हे विचारून घ्यावं.

राहायची सोय नाही. काणकोण, सत्तरीकडच्या मुलांनी पणजीत नातेवाईक असतील तरच विचार करावा. कदंब बसने रोज ये-जा करून सकाळच्या सत्राला वेळेवर पोचणं अवघड. नववीतल्यांसाठी इस्रोचा युविका हा विज्ञान कार्यक्रम आहे, तो निवासी असतो. इथे येताना आलेखवही, कॅल्क्युलेटर आणि शाईचा पेन आणावा. पेन्सिलने लिहिलेली वाचनं तपासत नाहीत, खोडरबर तर दारातच काढून घेतात.