आरसा की मोबाइल? पत्त्यांच्या हातचलाखीचा सराव कशासमोर करावा

दोन महिने मी आरशासमोर ‘डबल लिफ्ट’ घोटत होतो. कॅटमधले, म्हणजे पत्त्यांच्या गड्डीतले, वरचे दोन पत्ते एकच पत्ता असल्यासारखे उलटायचे, एवढीच ती करामत. गणपतीत भाचीला दाखवली, तर ती म्हणाली, "मामा, पत्ता उलटताना तू डोळे का मिटतोस?" आरशाने हे कधीच सांगितलं नव्हतं. सांगणार कसा? पापणी मिटते त्या क्षणी आपल्याला आरसाच दिसत नसतो.

कशासमोर बसावं हे ठरवताना मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. चोरटी हालचाल आली की आपण श्वास धरतो, खांदा किंचित उचलतो, बोलता बोलता अडखळतो. आरशासमोर आपली नजर बोटांवर खिळलेली असते, त्यामुळे यातलं काहीच ध्यानात येत नाही. मोबाइल मात्र सगळं टिपून ठेवतो आणि आपण हात रिकामे ठेवून, तिऱ्हाइतासारखे ते पाहू शकतो.

पण म्हणून लगेच आरसा अडगळीत टाकू नका. ‘पाम’ शिकताना, म्हणजे पत्ता तळहातात लपवताना, आरशाला तोड नाही. मनगट जरा फिरवलं की बोटांच्या फटीतून पत्त्याची पांढरी कड दिसते, आणखी जरा फिरवलं की नाहीशी होते. चूक दिसते तिथेच दुरुस्त होते. मोबाइलवर हेच करायचं तर शूट करा, थांबवा, पाहा, पुन्हा कॅट हातात घ्या, यात निम्मा वेळ जातो. सेल्फी कॅमेरा चालू ठेवून पाहिलं, पण त्या टीचभर स्क्रीनवर पत्त्याची कड नीट दिसत नाही. घरात तीन आरशांचं जुनं ड्रेसिंग टेबल असेल तर नशीबवान आहात, बाजूला बसलेल्यांना काय दिसेल तेही कळतं. जमिनीवर मांडी घालून बसलेलं पोर खालून काय पाहतं, हे मात्र मोबाइल सतरंजीवर ठेवल्याशिवाय कळणार नाही.

आता स्लो मोशन. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला साधारण 30 चित्रं असतात, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात उरकणारी हालचाल जेमतेम 3 चित्रांत सापडते. 240 चित्रांच्या स्लो मोशनमध्ये तीच 24 चित्रांत पसरते. करंगळीने दोन पत्त्यांखाली धरलेली फट पुढून उघडी पडते का, दोन्ही पत्त्यांच्या कडा सरकतात का, हे शोधायला ते छान. पण याचं व्यसन लागतं. समोर बसलेल्या कुणालाही न दिसणारे दोष आपण आठवडाभर काढत बसतो आणि ते झाकायला वेग वाढवतो. वेग वाढला की लोकांना नक्की कळतं, इथे काहीतरी झालं. 1922 साली शिकागोत पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी नामवंत जादूगार हुडिनीला एकच जादू पुन्हा पुन्हा दाखवली होती. कॅटच्या आत घातलेला, हुडिनीचीच सही असलेला पत्ता दर वेळी वर यायचा. कुठलीही जादू तीनदा पाहिली की उलगडते, अशी फुशारकी मारणाऱ्या हुडिनीला ती उलगडली नाही. असं वेगाच्या जोरावर होत नाही. हात नेहमीसारखेच चालताहेत, असं वाटावं लागतं.

ते जमवायला मोबाइलचा एक उपयोग मला स्लो मोशनहून मोलाचा वाटतो. आधी एकच पत्ता, काहीही न लपवता, गप्पा मारत दहा वेळा उलटा आणि शूट करा. मग डबल लिफ्ट शूट करा. दोन्ही लागोपाठ पाहा. माझ्या बाबतीत लबाडी चांगली दिसत होती, पण खऱ्या उलटण्याशी तिचं काही नातंच नव्हतं! खरा पत्ता मी आळसावून कडेने उलटायचो आणि लबाडीचा मात्र दोन बोटांत नाजूक धरून. मग खरा पत्ताही लबाडीच्या पद्धतीने उलटायची सवय लावून घेतली. आरसा ही तुलना दाखवत नाही, कारण त्याला मागचं काही आठवत नाही.

तुम्ही अगदी नवखे असाल तर पहिले तीन-चार आठवडे आरसा आणि रविवारी एकदा मोबाइल. करामत हातात बसली असेल तर आरसा बंद. नाहीतर कार्यक्रमात नजर सारखी हातांकडे जाते आणि तिच्यामागे लोकांचीही. आठ-दहा दिवसांवर कार्यक्रम असेल तर फक्त मोबाइल, तोही स्लो मोशन न लावता. आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात कॅट हवाबंद डब्यात ठेवा. दमट, चिकटलेले पत्ते दोनाऐवजी तीन उचलले जातात आणि आपण उगाच बोटांना दोष देतो.

दोन्ही नको असतील तर तेही चालतं. अमेरिकेचे रिचर्ड टर्नर पूर्ण अंध आहेत. वयाच्या नवव्या वर्षापासून त्यांची दृष्टी जाऊ लागली, तरी पत्त्यांच्या हातचलाखीत त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून मी रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं दिवा मालवून डबल लिफ्ट करतो. दोन पत्ते आले की तीन, हे अंगठ्याला कळायला मला महिना लागला.