पावती कुठे अडली: लॉग वाचायचा की पीएचपीस्टॅन चालवायचं?

गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. त्याच्याकडे सांभाळायला तीन छोट्या वेबसाइट. दोन वर्डप्रेसवर आणि एक कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी हाताने लिहिलेली. जुनी पीएचपी (या साइट जिच्यात लिहिल्यात ती भाषा) आता बंद करणार, असा होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय आणि याच्या हातात एक शनिवार मोकळा आहे. त्याचा प्रश्न सरळ होता. नव्या पीएचपीत काही जुनी फंक्शन्स नसतात, तेव्हा ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’, म्हणजे बोलावलेलं फंक्शनच सापडत नाही असा एरर, येणार हे तर नक्की. मग शनिवार लॉगची (सर्व्हर चुका लिहून ठेवतो त्या फाइलीची) व्यवस्था नीट लावण्यात घालवू, की कोड न चालवताच तपासणारं ते पीएचपीस्टॅन म्हणतात ते बसवू?

मी दोन्ही केलंय. आधी बरीच वर्षं फक्त लॉग, आणि एका वाईट ऑक्टोबरनंतर पीएचपीस्टॅन. त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो.

दोन्हींमधला फरक समजायचा तर पीएचपीची एक सवय लक्षात ठेवावी लागते. फंक्शन आहे की नाही, हे ती कोड वाचताना बघतच नाही. ती ओळ प्रत्यक्ष चालायची वेळ आली की मगच शोधते. म्हणून ‘पीएचपी मायनस एल’ लावून फाइल तपासली तरी ती ‘नो सिंटॅक्स एरर्स डिटेक्टेड’ म्हणून मोकळी होते. व्याकरण बरोबर आहे, एवढंच ती सांगते. फंक्शनच्या नावाचं कुणी घरात राहतं का, हा तिचा प्रश्नच नाही. लॉग सांगतो की दार वाजवलं आणि कुणी उघडलं नाही. पीएचपीस्टॅन दार न वाजवता पाट्या वाचत जातं.

लॉगबद्दल मला आजही प्रेम आहे. फाइल, ओळ, वेळ, सगळं हातात येतं. फक्त तो वाचायची एक रीत आहे, आणि नवे लोक नेमके तिथे चुकतात. फेटल एररची ओळ वाचून थांबू नये, तिच्या वरची ओळ वाचावी. बऱ्याचदा तिथे ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम’ अशी एक साधी वॉर्निंग मुकाट पडलेली असते. विंडोजवर लिहिताना फाइलचं नाव लहान अक्षरात आणि ती आत ओढून घेणाऱ्या इन्क्लूडच्या ओळीत कॅपिटल असेल तरी चालून जातं. लिनक्स सर्व्हरवर त्या दोन वेगळ्या फाइली. इन्क्लूड फाइल न मिळाल्यास नुसती कुरकुर करून पुढे जातं, आणि बोंब उठते ती तीन फाइली पलीकडे, फंक्शन सापडत नाही म्हणून. तिथे इन्क्लूडचं कडक भावंड रिक्वायर असतं तर जागीच थांबलं असतं. माझ्या आठवणीतल्या निम्म्या तरी केसेस अशाच होत्या. मोजदाद काही ठेवलेली नाही, पण अंदाज फार चुकणार नाही.

दुसरी फसवणूक नेमस्पेसची. कोड एखाद्या नेमस्पेसमध्ये (नावांना आडनावासारखं लागणाऱ्या गटात) असेल आणि सर्व्हरवर कर्लचं एक्स्टेंशनच, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरशी बोलणारा पीएचपीचा जोडभाग, नसेल, तर एररमध्ये कर्ल_इनिटच्या आधी तुमच्या नेमस्पेसचं नाव चिकटून येतं. माणूस आपलंच फंक्शन कुठे हरवलं म्हणून आपलाच कोड उपसत बसतो. मी बसलोय, एक अख्खी दुपार. आणि त्याच दुपारी टर्मिनलवर ‘पीएचपी मायनस एम’ मारून कर्ल यादीत दिसतंय म्हणून आणखी गोंधळलो. टर्मिनलची पीएचपी वेगळी आणि वेबसाइट चालवणारी एफपीएमची वेगळी असू शकते. उबुंटूवर दोघींच्या सेटिंगच्या पीएचपी डॉट आयएनआय फाइलीसुद्धा वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात. शंका असेल तर ब्राउझरमधून पीएचपीची सगळी माहिती दाखवणारं पीएचपीइन्फो उघडून बघावं आणि बघून झालं की ते पान लगेच उडवावं.

एवढं सगळं लॉगने शिकवलं. मग बिनसलं कुठे?

एका दिवाळी अंकाची वेबसाइट मी सांभाळतो. दहा महिने तिकडे कुणी फिरकत नाही आणि दसऱ्याच्या आसपास सगळे एकदम फिरकतात. अंकाची मागणी नोंदवायची, पैसे भरायचे, पावती मेलवर येते. जाहिरातदारांच्या पावत्याही तिथूनच निघतात. त्या रकमा लाखाच्या घरात जातात, म्हणून स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, १,२५,००० असा पडायला हवा. साधं नंबर_फॉरमॅट विलायती शिस्तीने १२५,००० छापतं आणि संपादकबाईंना ते अजिबात खपत नाही. म्हणून मी फार पूर्वी तिथे मनी_फॉरमॅट वापरलं होतं. लोकेल, म्हणजे देश-भाषेची सेटिंग, भारताचं ठेवलं की काम फत्ते.

जूनमध्ये होस्टिंगवाल्यांनी साइट पीएचपी ७.४ वरून ८.१ वर नेली. मी इमानदारीत मुखपृष्ठ उघडलं, अनुक्रमणिका उघडली, जुने अंक चाळले. सगळं ठीक. लॉग उघडला, तर रिकामा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, लॉग रिकामाच. मी समाधानी.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातला बाईंचा फोन. “अहो, लोक म्हणतायत पैसे गेले, पण पांढरं पान येतंय. पावती कुठाय?”

मनी_फॉरमॅट ७.४ मध्येच बाद ठरवलं गेलं होतं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० मधून काढूनच टाकलं. माझा कोड पैसे घेत होता, मागणी नोंदवत होता आणि पावतीवर रक्कम लिहायला जाताना कोसळत होता. तोवर १९ जणांचे पैसे जमा झाले होते. त्यातल्या चौघांनी ‘झालं नाही वाटतं’ म्हणून पुन्हा भरले होते. पावत्या हाताने केल्या, जादाचे पैसे परत केले, प्रत्येकाला फोन केला. दोन दिवस त्यातच गेले.

लॉगमध्ये सगळं होतं हो. फाइल, ओळ, वेळ, तेवीस वेळा. नेमकी हीच गोष्ट माझ्या मनातून जात नाही. लॉगने खोटं काहीच सांगितलं नाही, पण जूनपासून तो गप्प होता, कारण पावतीच्या त्या ओळीवर जूनपासून कुणी गेलंच नव्हतं. आणि त्याचं गप्प राहणं मी ‘सगळं आलबेल’ असं वाचलं.

न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आधीच्या दिवाळीत, ७.४ वर असताना, ‘डेप्रिकेटेड’ (पुढे काढून टाकणार) असा इशारा लॉगमध्ये आलाच असता. पण तसल्या इशाऱ्यांनी लॉग भरून वाहतो म्हणून मीच ते बंद करून ठेवले होते. तेव्हा दोष सगळा लॉगचा नाही. पण खरं सांगा, तुम्ही तरी चालू ठेवलेत का?

त्या रविवारी मी पीएचपीस्टॅन उतरवून घेतलं. २०१६ पासून आहे आणि नाव ऐकून होतो. ‘आपल्यासारख्या लहान कामाला कशाला’ म्हणून टाळत आलो होतो. पातळी शून्य ठेवली. पातळ्या दहापर्यंत जातात, पण नसलेली फंक्शन्स आणि नसलेले क्लास शून्यावरच पकडले जातात आणि मला तेवढंच हवं होतं. सर्व्हरवरची पीएचपी कोणती, हे मात्र त्याला सांगावं लागतं, ८०१०० अशा पाच आकडी रूपात. नाही सांगितलं तर ते सहसा तुमच्या लॅपटॉपवरची पीएचपी गृहीत धरतं.

मिनिटभरही लागलं नसेल. मनी_फॉरमॅट सापडलं. त्याच्या खाली आणखी दोन नावं होती. पत्त्यांच्या लेबलांच्या छपाईत ईच, आणि जाहिरातींच्या क्रमवारीत क्रिएट_फंक्शन. दोन्ही ८.० मध्ये गेलेली. लेबलं छापायची वेळ अजून आठवड्याने होती. म्हणजे पुढचा साडेसातचा फोन ठरलेलाच होता. त्या दोन ओळी बघून खुर्चीत मागे टेकलो, आणि खरं म्हणजे माझा निर्णय तिथेच झाला.

आता त्याच्या कटकटी. वर्डप्रेसच्या थीमवर तसंच चालवाल तर गेट_ऑप्शन हे वर्डप्रेसचं रोजचं फंक्शनसुद्धा सापडत नाही म्हणून ते शेकडो ओळी ओरडेल, कारण वर्डप्रेसचा कोड त्याच्या समोरच नसतो. त्यासाठी वर्डप्रेसच्या फंक्शन्सच्या नुसत्या पाट्या असलेलं एक पॅकेज मिळतं, स्टब्ज म्हणतात त्याला. ते जोडलं की आरडाओरडा बराच थांबतो. बाकी उरलेलं बेसलाइन नावाच्या यादीत टाकून ‘जुनं माफ, नवं दाखव’ असं सांगता येतं. बेसलाइन करण्यापूर्वी यादी एकदा डोळ्यांखालून घाला मात्र, नाहीतर मनी_फॉरमॅटलाही माफी मिळून जाईल. फंक्शनचं नाव स्ट्रिंगमध्ये जुळवून मग कॉल केलं असेल तर ते बऱ्याचदा दिसत नाही. आणि केव्हा काय लोड होतं, याचं त्याला फारसं भान नाही. वर्डप्रेसचं इज_प्लगिन_ॲक्टिव्ह घ्या. स्टब्जमध्ये ते आहे, म्हणून पीएचपीस्टॅन खूश. पण ते फंक्शन ॲडमिनच्या फाइलीत राहतं. जुन्या वर्डप्रेसमध्ये वाचकांना दिसणाऱ्या पानावर ती फाइल स्वतः बोलावल्याशिवाय येत नसे, आणि तिथे एरर ठरलेला. हे सांगेल तो लॉगच.

मलाही याचा प्रसाद लगेच मिळाला. मनी_फॉरमॅट काढून मी रकमा लिहिणारा नंबरफॉर्मॅटर हा क्लास बसवला. पीएचपीस्टॅन हिरवं. लॅपटॉपवर पावती सुरेख. सर्व्हरवर चढवलं आणि ‘क्लास नॉट फाउंड’. तिथे इंटल हे एक्स्टेंशन चालूच नव्हतं. अशा बाहेरून जोडायच्या एक्स्टेंशनांची नावं पीएचपीस्टॅनला स्वतःच्या यादीतून माहीत असतात. तुमच्या सर्व्हरवर ती खरोखर आहेत का, हे त्याला बसल्या जागी कळणार कसं? लॉगने दोन मिनिटांत सांगितलं. होस्टिंगच्या पॅनलमध्ये एक टिक करून काम झालं. (जाता जाता: त्यात लोकेल मराठी ठेवलंत तर रक्कम थेट देवनागरी आकड्यांत येते. बाई खूश. हिशेबनीस नाही.)

तिसरी एक वाट लोक सुचवतात. जिथे तिथे फंक्शन_एक्झिस्ट्स लावून टाका, पान कोसळणार नाही. मलाही होस्टिंगच्या मदतकक्षाने हेच सांगितलं होतं. दुसऱ्याच्या प्लगिनवर तुमचा कोड अवलंबून असेल तिथे ते ठीकच आहे. पण माझ्या पावतीवर ते लावलं असतं तर पावती गेली असती, रकमेची जागा मोकळी ठेवून, आणि लॉगमध्ये एक ओळही उमटली नसती. त्यापेक्षा पांढरं पान परवडलं. कोड मध्येच थांबवून बघायच्या एक्सडिबगचं म्हणाल तर ते चांगलं आहे, पण नसलेलं फंक्शन शोधायला ब्रेकपॉइंट लावत बसायची वेळ माझ्यावर क्वचित आली.

मित्राला मी काय सांगितलं? त्याच्या वर्डप्रेसच्या दोन साइटवर रोज लोक येतात, जवळपास प्रत्येक पान रोज उघडलं जातं. तिथे काही मोडलं तर लॉग तासाभरात बोलेल. त्या दोन्हींसाठी लॉग पुरेल, असं मला वाटतं. फक्त तो वर्डप्रेसच्या नेहमीच्या जागी ठेवू नये. डब्ल्यूपी-कंटेंटमधली डीबग डॉट लॉग फाइल बऱ्याच सर्व्हरवर ब्राउझरमधून कुणालाही वाचता येते. वर्डप्रेस ५.१ पासून लॉगचा पत्ता आपण देऊ शकतो, तो वेबच्या फोल्डरबाहेरचा द्यावा.

पण तिसरी साइट, ती हाताने लिहिलेली, एका संस्थेच्या वार्षिक स्पर्धेची आहे. प्रवेशिका जानेवारीत, निकाल मार्चमध्ये, प्रमाणपत्रं एप्रिलमध्ये. प्रत्येक भाग वर्षातून एकदाच चालतो. तिथे मी शनिवार पीएचपीस्टॅनवर घालवेन, तेही पीएचपी बदलायच्या आधी, नव्या आवृत्तीचा आकडा देऊन. लॉग अर्थात चालू राहू दे. त्याला बंद कर असं कोण म्हणतंय? तुमच्या साइटचा कुठला भाग वर्षातून किती वेळा चालतो ते तुम्हालाच ठाऊक, त्यामुळे तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. माझं येत नाही.

मित्र म्हणाला, दोन्ही करतो, शनिवार मोठा असतो. बघू.

यंदाच्या ऑक्टोबरमध्ये बाईंचा फोन आलाच, पण साडेदहाला. पावतीच्या पीडीएफमध्ये आडनावातला ‘क्ष’ फुटून ‘क्‌ष’ असा दिसतोय म्हणाल्या. लॉगमध्ये काही नाही. पीएचपीस्टॅन हिरवं.