जुन्या टगमध्ये नव्या मोटर्स टाकल्या, काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

दोन प्रोपेलरची फायबर बॉडीची जुनी मॉडेल टग (जहाजं ओढणाऱ्या बोटीची छोटी प्रतिकृती) आहे. आधीच्या मालकाने मोटर्स लाकडी ठोकळ्यावर पत्र्याच्या पट्टीने आवळल्या होत्या आणि शाफ्टला रबरी नळीने जोडल्या होत्या. अर्ध्या थ्रॉटलला अख्खी बोट थरथरायची, डेकवरचं रेलिंगसुद्धा वाजायचं. ते सगळं उपटून १२ व्होल्टच्या ५४५ साइजच्या पाच पोलच्या (आत गुंडाळीचे पाच भाग असलेल्या) दोन मोटर्स, ॲल्युमिनियमचे एल माउंट आणि डबल जॉइंटवाली युनिव्हर्सल कपलिंग्ज (मोटर आणि शाफ्ट जोडणारी, दोन ठिकाणी वाकणारी) टाकली. तेव्हापासून नियमित चालतेय, म्हणून आता लिहितोय.

मोटर्स छानच आहेत, पाच पोलमुळे अगदी कमी स्पीडला पण झटके न देता फिरतात आणि टगला तेच हवं असतं. पण खरं सांगू का, आवाज जो गेला तो मोटरमुळे कमी आणि अलाईनमेंटमुळे, म्हणजे मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आणल्यामुळे, जास्त गेला. युनिव्हर्सल जॉइंट आहे म्हणजे वाकडं बसवलं तरी चालतंय असं बरेच जण धरून चालतात, ते काही खरं नाही. सिंगल जॉइंटमध्ये अँगल असला की मोटर एकसारखी फिरत असली तरी शाफ्टचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो, तीच थरथर. डबल जॉइंटमध्ये दोन्हीकडचे अँगल सारखे असतील तरच ते एकमेकांना कॅन्सल करतात. म्हणजे कपलिंग राहिलेली बारीकशी चूक सांभाळतं, मुळात लाईन आपल्यालाच आणावी लागते.

लाईन आणायला डोळ्यांवर विसंबू नका, अरुंद बॉडीत वाकून बघताना सगळंच सरळ दिसतं. मी पितळेचा एक सरळ तुकडा घेतला, एका बाजूने ३.१७ मिमीचं भोक मोटरच्या शाफ्टसाठी, दुसऱ्या बाजूने ४ मिमीचं प्रोपेलर शाफ्टसाठी, आणि कपलिंगच्या जागी तोच लावला. आता मोटर त्या तुकड्यावर स्वतःच बरोबर रेषेत उभी राहते आणि माउंटच्या खाली जी फट दिसते तेवढंच पॅकिंग घालायचं. माउंट खाली दाबायचा नाही, फट भरायची! डावीकडे एका कोपऱ्यात जेमतेम प्लास्टिक शीटची एक पट्टी गेली, उजवीकडे समोरून चांगली जाड फळी लागली, यावरून आधीचं काम कसं असेल ते समजा. मग एपॉक्सी, आणि ती पूर्ण कडक होईपर्यंत पितळी तुकडा हलवायचा नाही.

तपासायला अँपिअर मीटर लावा. आधी नुसती मोटर फिरवून करंट बघायचा, मग शाफ्ट जोडून त्याच व्होल्टेजला परत बघायचा. आकडा थोडासाच वाढला तर काम फत्ते, खूप वाढला किंवा सुई सारखी डोलत राहिली तर कुठेतरी ताण आहे. मोटरचे एम३ स्क्रू एकेक करून आवळताना मीटरवर नजर ठेवली तर नक्की कुठला स्क्रू मोटरला ओढतोय ते तिथल्या तिथे कळतं. शाफ्ट ज्यातून जातो त्या ट्यूबमध्ये घट्ट ग्रीस ठासून भरलं तरी करंट वाढतो, उगाच अलाईनमेंटला दोष जातो, त्यामुळे टेस्ट पातळ तेलावर करा.

अजून एक, शाफ्टला लांबीत किंचित ढील हवी, कागद सरकेल इतकी. पुढे जाताना प्रोपेलर शाफ्टला आत ढकलतो, तो जोर ट्यूबच्या बाहेरच्या टोकाच्या बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो ती बारीक नळी) वॉशर आणि लॉकनटने घ्यायचा, नाहीतर तो कपलिंगमधून थेट मोटरच्या बेअरिंगवर जातो आणि मोटर लवकर मरते.

वायरिंग नेहमीचंच. ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं ते, एक दोन्ही टर्मिनलच्या मध्ये आणि बाकी दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या बॉडीला. प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज. प्रोपेलर उलटसुलट फिरणारे असतील तर मोटर न्यूट्रल टायमिंगची (दोन्ही दिशांना सारखीच फिरणारी) आहे ना ते घेतानाच विचारा, काही मोटर्स एकाच दिशेला ॲडव्हान्स केलेल्या असतात, मग एक बाजू जोरात आणि बोट सतत एकीकडे ओढली जाते. या जोडीत तो त्रास नाही, रडर मध्ये ठेवला की सरळ जाते.

तक्रार आहे ती कपलिंगच्या ग्रब स्क्रूबद्दल, म्हणजे कपलिंग शाफ्टवर आवळणाऱ्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूबद्दल. रिव्हर्स-फॉरवर्ड खूप केल्यावर उजवीकडचा ढिला झाला, मोटर फिरतेय आणि प्रोपेलर ढिम्म. शाफ्टवर कानसेने छोटा फ्लॅट काढला, थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब टाकला, त्यानंतर हललेला नाही. हे फ्लॅट शाफ्ट बसवायच्या आधीच काढून घ्या, नंतर लोखंडाचा भुगा मोटरच्या चुंबकाकडे ओढला जातो आणि तो आत गेला की निघत नाही. डावी बाजू अजून उजवीपेक्षा किंचित जास्त आवाज करते कारण तिकडचं बुश जुनंच ठेवलंय, ट्यूब काढायची म्हणजे तळ फोडावा लागेल, आणि तेवढा काही तो आवाज त्रास देत नाही.