लुक्काच्या भिंती रंगवायला कोणता कागद न्यावा?

इटलीत लुक्काला स्केचिंगला जाणार असाल तर फाब्रियानो या इटालियन कंपनीचा आर्तिस्तिको हा जलरंगाचा कागद जरूर घ्या, पण सगळे ताव एकाच पोताचे घेऊ नका. मी ३०० जीएसएमचे, म्हणजे जाडजूड, कोल्ड प्रेस (खरखरीत) आणि हॉट प्रेस (गुळगुळीत), दोन्ही नेले. ५६ × ७६ सेंटीमीटरच्या तावाचे २८ × १९ चे आठ तुकडे होतात. प्लायच्या तुकड्यावर क्लिपा लावल्या की काम भागतं. बांधीव वही मी नेत नाही. रंग वाळेपर्यंत पान उलटता येत नाही आणि आपण नुसते ताटकळतो.

कोल्ड प्रेसचं चीज झालं ते तटबंदीपाशी. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा तट चार किलोमीटरहून थोडा अधिक लांब आणि अजून अखंड आहे. वर झाडांच्या रांगा, सायकली, कुत्री फिरवणारे आजोबा. बाहेरून सगळी वीट. आणि भिंत सरळसोट नाही, तोफांचा मारा झेलण्यासाठी पायाकडे तिरकी उतरलेली. हा उतार चुकला की बुरूज पत्र्याच्या डब्यासारखा दिसतो! आधी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात द्यायचा, तो पुरता वाळला की जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून ओढायचा. रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत खालचा फिकट थर राहतो आणि एकही वीट न काढता भिंत विटांची होते. कागद शंभर टक्के कॉटनचा, त्यामुळे हलक्या हाताने तिसरा थरही झेलतो. स्वस्तातल्या साध्या कागदावर दुसऱ्याच हाताला चिखल होतो.

सान मिकेले इन फोरो या चर्चसमोर मात्र हॉट प्रेसच काढा. दर्शनी भिंतीवर छोट्या खांबांच्या रांगांवर रांगा, आणि त्यातल्या खांबांवर नक्षी तरी किती तऱ्हेची: पीळ, गाठी, हिरव्या-पांढऱ्या दगडाचं जडावकाम. बारीक पेन खरखरीत कागदावर अडखळतं, इथे सुळसुळ चालतं. ही भिंत मागच्या छपरापेक्षा कितीतरी उंच गेली आहे. बाजूने पाहिलं तर वरच्या भागामागे चक्क आभाळ! समोरून काढण्यापेक्षा ही बाजू काढण्यात जास्त मजा आहे. फक्त गुळगुळीत कागदावर मोठा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) डागाळतो, म्हणून आभाळ मी कोरंच सोडलं.

कोल्ड प्रेसला पाचपैकी साडेचार, हॉट प्रेसला चार. अर्धा गुण दोन्हीकडे किमतीपायी कापलाय. ताव घरीच कापून न्या, कटर हातसामानात चालत नाही.