बडोद्याच्या दमट हवेत तीन जुन्या लेन्स: सोळा महिन्यांनंतर

गेले सोळा महिने माझ्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकसची, म्हणजे आपणहून फोकस करणारी, एकही लेन्स चढलेली नाही. बॉडी सोनी ए-७ मार्क २, तीही सेकंडहँड. तिच्यावर आलटून पालटून तीन लेन्स वापरते. सुपर-ताकुमार ५५ एफ १.८, हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ एफ २, आणि सुपर-ताकुमार १३५ एफ ३.५. पहिला आकडा लेन्सच्या फोकल लांबीचा, मिलिमीटरमध्ये. एफचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा: आकडा लहान तितकं छिद्र मोठं. तिन्ही एम-४२ माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या आट्यांच्या जुन्या पद्धतीच्या, बाटलीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या.

घेण्याआधी जिथे बघावं तिथे हेलिओसचंच कौतुक वाचलं होतं, म्हणून माझं मत आधीच सांगते. पहिली लेन्स हेलिओस घेऊ नका, ५५ ची ताकुमार घ्या.

ही ५५ मला मे २०२४ मध्ये रावपुऱ्यातल्या एका बंद होत असलेल्या फोटो स्टुडिओत मिळाली. स्टुडिओवाल्या काकांची सुरुवात बडोद्यातच बनलेल्या ॲग्फा क्लिक थ्रीवर झालेली. न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा तो कॅमेरा, १२० नावाच्या फिल्मच्या रोलवर बारा फोटो. एका पिढीने फोटो काढायला त्याच्यावरच सुरुवात केली आणि तो आपल्या गावात तयार व्हायचा, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी लेन्स हातात घेऊन दाराशी उजेडात बघत होते, तर म्हणाले, "अगं, उजेडात काय दिसणार? आत ये, टॉर्च लाव." ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून त्यांनी मागून तिरका प्रकाश टाकला. काचेत तरंगणारे धुळीचे कण लख्ख दिसले. "धूळ दिसली तर दिसू दे, फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मुकाट्याने परत ठेवायची." मग ॲपर्चर दहा-बारा वेळा उघडबंद करून त्याच्या पात्यांवर तेलाची चकाकी आहे का ते पाहिलं. त्यानंतर मी ज्या ज्या लेन्स पाहिल्या त्या अशाच, आणि अशा तपासणीत निम्म्याहून जास्त परत ठेवल्या. साडेपाच हजारांत ५५ घरी आली.

जुनी लेन्स सोनीला जोडणारा ॲडाप्टर बाराशेचा, आणि त्यात काच अजिबात नाही. एम-४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं आणि सोनीच्या माउंटचं अंतर १८ मिलिमीटर आहे. मधले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी, एवढंच त्याचं काम. म्हणूनच या लेन्स मिररलेसवर, म्हणजे माझ्यासारख्या आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, सुखाने चालतात. निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, मात्र दूरचा फोकस येत नाही, कारण तिथलं अंतर मुळात ४६.५ आहे. स्वस्त ॲडाप्टर केसभर आखूड असतात. माझ्याकडे अनंताचा, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंचा, फोकस रिंगवरच्या खुणेच्या थोडा आधीच येतो, त्यामुळे "रिंग शेवटपर्यंत फिरवली की दूरचं स्पष्ट" हा हिशेब चालत नाही, डोळ्यांनी बघूनच थांबावं लागतं.

मेन्यूतल्या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका. लेन्सशिवाय शटर दाबू देणारी सेटिंग चालू करा, नाहीतर कॅमेऱ्याला लेन्स लागल्याचं कळतच नाही आणि फोटो निघत नाही. दुसरं, हात हलला तर सावरणाऱ्या स्टेबिलायझेशनला लेन्सचा आकडा हाताने सांगा, आणि प्रत्येक वेळी लेन्स बदलल्यावर तो बदला. मी ५५ चा आकडा ठेवून १३५ लावली आणि सुरसागरच्या काठावरची एक संपूर्ण संध्याकाळ हलक्या धूसर फोटोंनी घालवली. घरी येऊन मोठं करून पाहिल्यावर कारण उमगलं.

आता ताकुमारबद्दल. फोकसची रिंग फिरवताना लोण्यातून सुरी जावी तसं वाटतं, ना ढिली ना घट्ट. तिचा फेरा लांब आहे, त्यामुळे चेहऱ्यावरून पापणीवर येताना बोटाला जागा मिळते. बाजूला एक छोटा खटका आहे, ए आणि एम. माझा ॲडाप्टर लेन्सच्या मागची, ॲपर्चर बंद करणारी पिन दाबत नाही, म्हणून ए वर ॲपर्चर पूर्ण उघडं राहतं आणि एम वर मी ठरवलेल्या आकड्याला येतं. उघड्यावर फोकस करायचा, अंगठ्याने खटका सरकवायचा, शटर दाबायचं. महिनाभरात हे हाताला इतकं बसलं की विचार करावा लागत नाही. फोकस पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट भागाभोवती कॅमेरा पडद्यावर दाखवतो त्या, रंगीत कडांवर मात्र मी विसंबत नाही. एफ १.८ वर त्या कडा फोकस किंचित चुकला तरी चमकतात. चित्र मोठं करून बघितलं तरच खात्री.

तिचा एक दोष होता. पांढऱ्या कागदावर ठेवली की काच फिक्या चहासारखी दिसायची. त्या काळातल्या काही ताकुमारच्या काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं आणि वर्षांनुवर्षं किरणोत्सर्गामुळे ती काच पिवळी पडते. घाबरण्यासारखं काही नाही, कॅमेऱ्यावर वापरायला त्रास नाही. ती काच घासू नये, फोडू नये, इतकंच. यावर उपाय उन्हातली अतिनील किरणं. डिसेंबरमध्ये तीन आठवडे रोज अकरा ते तीन ती गच्चीवर ठेवली, मागची काच आकाशाकडे, पुढच्या झाकणात ॲल्युमिनियमचं फॉइल, आणि शेजारी मी किंवा आई, कारण लेन्समधून गोळा झालेल्या उन्हाने वस्तू पेटते. पिवळेपणा जवळजवळ गेला. हे बडोद्याच्या मे महिन्यात करू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं.

हेलिओस चार हजारांची, कुरिअरने आली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवरून बेतलेली. तिची ख्याती पार्श्वभूमी गोल गोल फिरल्यासारखी दिसण्याची, आणि ते खरंच दिसतं. कडेच्या प्रकाशबिंदूंची वर्तुळं लेन्सच्या नळीत कापली जाऊन बदामासारखी होतात आणि मध्याभोवती वळतात. पण त्याला जागा नेमकी लागते. माणूस दीड-दोन मीटरवर, मागे काही अंतरावर दाट पानं, पानांतून झिरपणारा उजेड आणि ॲपर्चर एफ २. कमाटीबागेत सकाळी साडेसातला वडाखाली हे सगळं जुळतं. माझ्या भाचीचा तिथला एक फोटो मी मोठा करून भिंतीवर लावला आहे. मांडवीच्या दरवाज्यापाशी, खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्यांत, घरात जेवणाच्या टेबलाशी मात्र ती साधी आणि थोडी मऊ, म्हणजे कमी रेखीव, लेन्स आहे, समोर उजेड आला की चित्र धुतल्यासारखं फिकं पडतं. सोळा महिन्यांत ती जेमतेम पंधरा वेळा बाहेर आली असेल. ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंग असतात, पिन नसते, त्यामुळे कोणताही ॲडाप्टर चालतो. ४४एम-४ आणि त्यापुढच्या हेलिओस घेणार असाल तर ए-एमचा खटका नसतो, तिथे पिन दाबणारा ॲडाप्टरच हवा.

आणि १३५. ती माझ्या चुकीने जखमी झाली. लेन्ससोबत जुनी कातडी पेटी आली होती, आतून लाल मखमल, इतकी देखणी की मी लेन्स तिच्यातच ठेवायची. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीला पूर आला. आम्ही कारेलीबागेत पहिल्या मजल्यावर. खाली पाणी, वीज नाही, शेजाऱ्यांचं सामान आमच्या हॉलमध्ये. कपाटाकडे बघायला कोणाला वेळ होता? तीन आठवड्यांनी पेटी उघडली तर कातड्याला कुबट वास, आणि टॉर्च लावल्यावर पुढच्या काचेच्या आत पांढरे धागे, मधून फुटलेल्या फांद्यांसारखे.

स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, रबराच्या बुचाने पुढची नावाची रिंग फिरवून काढली, मग चिमट्यासारख्या स्पॅनरने दुसरी. काच बाहेर आली ती आधी पेन्सिलीने खूण करून, कुठली बाजू वर ते कळावं म्हणून. बुरशी स्पिरिटच्या बोळ्याने दोन फेऱ्यांत गेली. पण काच तिरकी धरल्यावर त्याच फांद्यांची पुसट नक्षी तशीच दिसत होती. "हे कोटिंग खाल्लंय, हे परत येत नाही," ते म्हणाले. कोटिंग म्हणजे काचेवरचा, चमक कमी करणारा पातळ थर. मी विचारलं, फोकसची रिंगही सोडवून नवं ग्रीस घालायचं का? त्यांनी हात आडवा केला. फोकसच्या आट्यांना सुरुवातीच्या अनेक जागा असतात, चुकीच्या जागी बसली तर दूरचा फोकस कायमचा जातो. चालतंय ते उघडू नको. लेन्स अजून वापरते, फक्त सूर्य समोर असेल तेव्हा नाही.

तेव्हापासून तिन्ही लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत आर्द्रतेचं मीटर आणि ओल शोषणारं नारिंगी सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवते. जेलचा रंग हिरवा झाला की जुन्या ओव्हनमध्ये वाळवते. निळं जेल असेल तर स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. २०२५ चा जुलै-ऑगस्ट असाच काढला, दर रविवारी टॉर्च लावून बघते, तिन्ही स्वच्छ आहेत.

सगळे विचारतात, हलत्या माणसांचं काय? मलाही तीच भीती होती, म्हणून २०२४ च्या नवरात्रात ५५ घेऊन पोळमधल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या, गरब्याला गेले. पहिल्या रात्री मी नाचणाऱ्या मुलींच्या मागे रिंग फिरवत राहिले आणि एकही फोटो धड आला नाही. दुसऱ्या रात्री खांबाला टेकून उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, गरबा तर गोलात फिरतो. प्रत्येक जण माझ्यासमोरच्या एकाच जागेवरून जातो. जमिनीवर तीन मीटरवर रांगोळीचा एक ठिपका होता. त्याच्यावर फोकस केला, एफ २.८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२००, आणि रिंगवरून हात काढला. एवढ्यावर सुमारे अर्धा मीटर जागा स्पष्ट राहते. कोणाचा पाय त्या ठिपक्यावर पडला की शटर. पहिल्या पंचवीस फोटोंत एकोणीस डोळ्यांवर स्पष्ट. एका आजींची टाळी, बांगड्या अर्धवट हवेत, चेहरा मागे वळलेला, आणि मागे दिव्यांची मऊ वर्तुळं.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, नवरात्र २२ सप्टेंबरपासून आहे. आजींना त्या फोटोची प्रत द्यायची राहिली आहे, ती छापून आणली आहे. खांब तोच धरणार आहे.