पीएसए करावी का? सिॲटल आणि कनेक्टिकटचे आकडे शेजारी ठेवून

साठी ओलांडली की वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये पीएसए, म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी, बहुधा न सांगताच येते, आणि अहवालात ४ च्या पुढचा आकडा ठळक छापलेला दिसला की घरात धावपळ सुरू होते. तपासणीच्या बाजूने दाखला दिला जातो तो जगण्याच्या टक्केवारीचा. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे सापेक्ष (म्हणजे त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेतले) प्रमाण १९७०च्या दशकाच्या मध्यास ७० टक्क्यांच्या आत होते, ते आता ९७ टक्क्यांच्या घरात आहे. आकडा खरा असला तरी निर्णयाच्या कामाचा नाही. ७८व्या वर्षी याच रोगाने जाणाऱ्या गृहस्थाचे निदान ७५व्या वर्षी झाले, तर तो पाच वर्षे न जगलेल्यांत धरला जातो; ६७व्या वर्षी झाले तर जगलेल्यांत, आणि मृत्यूची तारीख मात्र तीच राहते.

म्हणून मृत्युदर पाहावा. १९८७ ते १९९० या काळात अमेरिकेतल्याच सिॲटल शहराच्या परिसरातील ६५ ते ७९ वयाच्या पुरुषांत पीएसएचे प्रमाण कनेक्टिकट राज्याच्या पाचपटीहून अधिक आणि बायॉप्सीचे दुपटीहून अधिक होते; ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया सिॲटलकडे पुढे २.७ टक्के जणांवर झाली, कनेक्टिकटमध्ये ०.५ टक्के जणांवर. तरीही १९९७ अखेर या कर्करोगाचा मृत्युदर दोन्हीकडे जवळपास सारखाच भरला.

अर्थात, इतक्या संथ रोगासाठी अकरा वर्षे थोडीच म्हणायची. पीएसए तपासणीच्या युरोपातील मोठ्या चाचणीत, ५५ ते ६९ या वयोगटात, १६ वर्षांनी तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी दिसले. मात्र एक मृत्यू टळण्यामागे ५७० जणांना तपासणीसाठी बोलवावे लागले आणि १८ निदाने जास्तीची झाली. त्यामुळे पन्नाशी-साठीतल्या माणसाने डॉक्टरांशी बोलून तपासणी करणे मला रास्त वाटते, सत्तरीनंतर तक्रार नसताना नाही.

मुंबईत १९६३पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत जाऊन केसपेपर चाळतात आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदीही पाहतात. वयाचा फरक वजा करूनही येथील प्रोस्टेट कर्करोगाच्या नव्या रुग्णांचा दर वाढला आहे, परंतु अमेरिकेच्या मानाने तो बराच कमी आहे. शिवाय आपल्याकडे अनेक जण रोग हाडांपर्यंत पोहोचल्यावरच येतात. लघवीतून रक्त जात असेल किंवा कंबरेचे दुखणे हटत नसेल, तर वरची तुलना लागू नाही. तेथे पीएसए निदानासाठी करायची असते आणि ती लांबणीवर टाकू नये.